फितूर म्हणजे कोण

आई,

आज दादाच्या खटल्याचा निकाल आहे, मी कोर्टात जातेय. वकिलांचं बोलणं तुझ्या डोक्यावरून जातं, म्हणून लिहून ठेवते.

सदोष मनुष्यवध म्हणजे खून नव्हे. मारायचं नव्हतं, पण ब्रेक लागत नाहीत हे ठाऊक असून गोदामातली गाडी चालवली आणि हमाल गेला, असा आरोप आहे. अपील म्हणजे हरल्यावर वरच्या कोर्टाचं दार ठोठावणं. वकील आत्तापासूनच अपिलाचं बोलतात, यातच काय ते समज. दर तारखेला त्याची गादी उन्हात घालतेस, आज घालू नकोस.

काल तू विचारलंस, फितूर साक्षीदार म्हणजे कोण. समोर काका चहा पीत होते, म्हणून मी विषय बदलला. आपण आपल्या बाजूने बोलावलेला माणूस कोर्टात उभा राहिल्यावर उलटला, की त्याला फितूर म्हणतात. दादाने ब्रेकचं काकांनाच सांगितलं होतं, आणि मुकादम म्हणून 'चालव तशीच' असं तेच म्हणाले होते. कोर्टात म्हणाले, मला कोणी काही सांगितलंच नाही.

दुपारी ते जेवायला येतील. मुकाट्याने वाढ. घराचे मालक ते आहेत. आपण नुसत्या राहतो, त्याला कायद्यात ताबा म्हणतात.