आज लहान ठेवलंय

३ फेब्रुवारी
झिनिया फुलली! गच्चीतल्या कुंडीतली पहिलीच. कॅमेरा नाक टेकेल इतका जवळ नेला आणि फोटो काढला. मधले पुंकेसर अगदी लख्ख, पाकळ्या मात्र धुक्यात! क्लासचे मास्तर म्हणाले, "भोक फार मोठं ठेवलंस. इतक्या जवळून फोकस केसाएवढाच उरतो." लेन्सचं भोक मोठं तर आकडा लहान, भोक लहान तर आकडा मोठा. हे उलटं गणित कुठल्या शहाण्याने मांडलं, देव जाणे.

५ फेब्रुवारी
आकडा थेट बावीस केला. पाकळ्या आल्या. त्यांच्यासोबत पाण्याची टाकी, वाळत घातलेला टॉवेल, खुर्चीतले बाबा — सगळे हजर! फूल बिचारं गर्दीत हरवलं.

बाबांना दाखवला. "शी! हे काय ध्यान! मागचं पुसून टाकणारा आकडा कुठला?"

"दोन पॉइंट आठ."

"मग तोच ठेव. फूल उठून दिसतं."

या वयात कलेत रस! बरं वाटलं.

७ फेब्रुवारी
ताईचा फोन. पुन्हा तेच. बाबांचं पायाचं मोडलेलं हाड जुळलंय, डॉक्टर चाला म्हणतात, आणि हे खुर्ची सोडत नाहीत. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंना तर दारातूनच परत पाठवलं. "आयुष्यभर शाळेत कवायत घेतली मी! आता चारचौघांत डुलत चालू?" तिसरा मजला, लिफ्ट नाही. ताई महिनाअखेरीला येऊन त्यांना तिच्या तळमजल्यावर नेणार.

बाबा फोनवर ओरडले, "मी इथून हलणार नाही!"

"तीच तर तक्रार आहे, बाबा!" तिकडून ताई.

मी हसले खरी. पण ते गेले तर हे घर मला खायला उठेल. ताईला काय सांगू? तिचं चुकतंय कुठे?

९ फेब्रुवारी
"आज आकडा किती?" हल्ली रोज विचारतात. दोन पॉइंट आठ म्हटलं की खूश. फोटोत मागे एक पांढरा धब्बा येतोय. काल खुर्चीजवळ होता, आज टाकीजवळ. टॉवेल उडाला असणार. चिमटे आणायला हवेत.

१२ फेब्रुवारी
मास्तरांनी फोटो परत केला! "निम्मं फूल कुठंय?" म्हणे भोक लहान कर, आणि मागचं नको असेल तर कुंडीच पुढे ओढ. मागचं जितकं लांब, तितकं मऊ. एवढं सोपं होतं तर आधी का नाही सांगितलं!

१४ फेब्रुवारी
कुंडी ओढली. कंबर धरली! माझा डोळा कॅमेऱ्याला, तेवढ्यात मागून बाबा — "आज काय?"

"आज लहान ठेवलंय!" मी ओरडले. म्हणजे भोक; आकडा मोठा.

"छान, छान!"

आता झोपते. फोटो उद्या मोठ्या पडद्यावर बघेन.

१५ फेब्रुवारी
फूल सुरेख आलंय. पाकळी न् पाकळी. मागचं जरा मऊ, पण ओळखू येतंय. टॉवेल दोरीवर जिथल्या तिथे. खुर्ची रिकामी. टाकीपाशी पांढऱ्या सदऱ्यातले बाबा — काठी नाही, आधार नाही, दोन्ही हात पसरून, एक पाय उचललेला, जीभ दातांत.

ताईला पाठवला. बाबांना चकार शब्द सांगणार नाही. उद्या आकडा विचारतीलच. सांगेन — दोन पॉइंट आठ.