मोगरीचे रिसेप्टर

३ जानेवारी
केशर आज पूर्ण्याला गेली, आमच्या लेकीच्या, भक्तीच्या बाळंतपणाला. जाताना विचारलं, मोगरीचं कसं? म्हटलं, जन्मभर विज्ञान शिकवलं, एका म्हशीची धार निघणार नाही? शेजारच्या कडूबाईला सांगून ठेवते म्हणाली. साफ नको म्हणालो. इज्जतीचा सवाल आहे.

४ जानेवारी, पहाटे
मोगरीने पान्हा चोरला. पेंड ठेवली, रेडकू लावून पाहिलं. चरवीचा तळही झाकला नाही. शिवाय लाथ. थंडीमुळे असेल.

५ जानेवारी
कारण सापडलं. पान्हा सुटतो ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे. ते मेंदूतून निघतं, रक्तातून कासेत येतं. तिथल्या पेशींवर त्याचं रिसेप्टर प्रोटीन असतं. पेशीच्या पापुद्र्यातून सात वेळा आरपार गेलेली साखळी, गोधडीला टाके घालावेत तशी. हार्मोन बाहेरच्या खाचेत बसलं की साखळीचा आकार बदलतो, आत निरोप जातो, पेशी आवळतात, दूध खाली उतरतं. मोगरीचे रिसेप्टर खराब आहेत, हे उघड आहे. माझ्या हातात दोष नाही.

६ जानेवारी
धार काढता काढता मोगरीला हे सगळं समजावलं. आवाज वर्गातलाच लावला. तिने कान हलवले, म्हणजे लक्ष होतं. दूध नाही.

८ जानेवारी
जनावरांचा डॉक्टर भुजंग येऊन गेला. दहावीला माझ्याच हाताखाली होता, त्यामुळे निदानावर भरवसा कमी. म्हणाला, सर, रिसेप्टर ठणठणीत हायेत. तुमी वरडून शिकवायलाय, म्हैस भ्यायली. भ्यायल्यावर अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, मग ऑक्सिटोसिनचं काई चालत न्हाई. शाळेत आमचंबी असंच व्हायचं. इंजेक्शन मागितलं तर हात जोडले. म्हणाला, असंच चाललं तर आटंल.
आटली तर केशरला काय तोंड दाखवू? रेडकू होती तेव्हापासून तिने वाढवलीय.

९ जानेवारी
संकल्प: गोठ्यात पूर्ण मौन.

९ जानेवारी, संध्याकाळी
मौन पाळलं. मध्ये फक्त अ‍ॅड्रेनॅलिनचा मुद्दा स्पष्ट केला. लाथ.

१० जानेवारी
निरीक्षणासाठी कडूबाईला बोलावलं. तिने मला गोठ्याबाहेर उभं केलं. चरवी भरली. माझ्या शिकवणीचा परिणाम जरा उशिरा दिसला, एवढंच.

१२ जानेवारी
भक्तीला मुलगी झाली! डोळ्यांत पाणीच आलं. फोनवर केशर म्हणाली, भक्तीला अजून दूध उतरंना, लय रडायली. अरे, तेच हार्मोन, तोच रिसेप्टर! तिथे माझी गरज आहे. मोगरीला कडूबाईवर सोपवून निघालो.

१३ जानेवारी, पूर्णा
भक्तीने बाळाला नुकतंच जवळ घेतलं होतं. पदराखालची मूठ तेवढी दिसली. वेळ न घालवता विषयाला हात घातला. रिसेप्टरच्या साखळीपर्यंत आलो, तोच बाळ रडायला लागलं. मग भक्तीही. केशरने दंड धरून मला बाहेर काढलं. म्हणाली, कडूबाईनं समदं सांगितलंय मला. आधी म्हैस झाली, आता लेक का? बाहेर बसा तुमी. दार लावून घेतलं.
थोड्या वेळाने आतलं रडणं थांबलं. दाराआडून केशर हळूच म्हणाली, पियायलंय.
नातीचा चेहरा अजून पाहिलेला नाही. हाक मारावीशी वाटते. पण मारली तर पुन्हा रडेल.