विराम अवस्थेतल्या मित्रास

प्रिय मास्तर,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, असं पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ती तुझ्या लेकीने परवा फोनवर साग्रसंगीत सांगितली. बाथरूमच्या ओल्या फरशीवर तू पडलास, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, इथपर्यंत मला ठाऊक होतं. आता हाड छान जुळलंय, डॉक्टर चाला म्हणतात आणि तूच पलंग सोडायला तयार नाहीस, हे नव्याने कळलं. "आता चालून कुठे जायचंय?" असं तू तिला म्हणालास म्हणे. (शाळेत कवायतीच्या तासाला एखाद्या पोराने हा प्रश्न विचारला असता, तर तू त्याला मैदानाला चकरा मारायला पाठवलं असतंस.) आणखी काही आठवडे असेच गेले तर पाय चालायचं कायमचं विसरतील, असं डॉक्टरांनी तिला बजावलंय. शेवटी म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा, ते तुमचंच ऐकतील."

तू माझं कधी काय ऐकलंस ते सगळ्या स्टाफरूमला माहीत आहे. पण तिला नाही कसं म्हणणार? तुझ्या या अवस्थेला आमच्या शास्त्रात विराम अवस्था म्हणतात. स्थिर असलेली वस्तू, बाहेरून कुणी बल लावेपर्यंत स्थिरच राहते, हा गतीचा पहिला नियम. तो मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिला आणि तू इतकी वर्षं व्हरांड्यातून ऐकलास. तुझ्या लेकीने बाह्य बल म्हणून माझी नेमणूक केली आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मास्तर, मला तुझी फार काळजी वाटते. हे एकदा सांगून झालं की पुढे थट्टा करायला मी मोकळा.

तुला आपली पहिली भेट आठवते का? मी नवा विज्ञानमास्तर, तू नवा पी.टी.मास्तर. प्रयोगशाळा म्हणून मला एक कपाट मिळालं होतं. त्यात काटा अडकलेला एक ताणकाटा होता आणि एक लोहचुंबक होतं, तेही कपाटालाच चिकटलेलं. गतीचा धडा शिकवायला साहित्य हवं म्हणून मी हेडमास्तरांकडे गेलो, तर त्यांनी कागदांतून मान वर न काढता खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर मैदानावर तू गळ्यात शिट्टी अडकवून एकटाच धावत होतास. म्हणजे आपली ओळख मित्र म्हणून झालीच नाही, तुला मी साहित्य म्हणून मागून घेतलं. तूही कुरकुर न करता कामाला लागलास. एका हातात पाण्याने भरलेली बादली घेऊन वर्गात फिरायचास, तुझं अंग दुसऱ्या बाजूला कललेलं, आणि मी पट्टीने तुझा तोल समजावून सांगायचो. (बादली वाजवीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवायला लावायचो, हे तुला कळत होतं का?) जडत्वाच्या तासाला तू मैदानावरून भरधाव यायचास, मी रेघेवर शिट्टी वाजवायचो, आणि तू थांबता थांबता पुढे झोकांडी खायचास. त्या वर्षी परीक्षेत अर्ध्या वर्गाने लिहिलं होतं की मास्तरांचे पाय थांबले, पण मास्तर थांबले नाहीत. मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले. इतकं अचूक उत्तर पुस्तकातही नाही.

हातगाडीचा प्रयोग मात्र अजून आठवला की मी एकटाच हसत बसतो. शिपाई बाकं वाहायला वापरायचा ती चपटी गाडी. तू तिच्यावर उभं राहून पुढे उडी मारायची, म्हणजे गाडी मागे जाईल आणि क्रियेइतकीच प्रतिक्रिया असते हे पोरांना दिसेल, इतका साधा बेत. उडी बेताची मारू की जोरात, असं तू विचारलंस, आणि शास्त्राच्या भरात मी जोरात म्हणालो. तू पुढे वाळूत पडलास. गाडी मागे गेली ती सरळ हेडमास्तरांच्या सायकलीवर, आणि सायकल हातात धरून खुद्द हेडमास्तर उभे होते. याला जबाबदार कोण, असं त्यांनी विचारलं. मी वाकून सायकलीचं चाक तपासायला लागलो. तू कपडे झटकत उठलास आणि म्हणालास, "तिसरा नियम, सर." असा जबाब शाळेच्या इतिहासात कुणी दिला नसेल.

आणि ते संध्याकाळी घरी जाणं. तू छाती काढून चालणार, मी चपला घासत मागे. माझ्याकडे बघून तू म्हणायचास की हा पायांनी फळा पुसत चाललाय. मग भर रस्त्यात "डावा! उजवा!" अशी तुझी आज्ञा सुटायची, आणि भाजीवाल्यासकट सगळे वळून बघायचे. मी तुला शास्त्र सांगून गप्प करायचो. चालणं म्हणजे पुढे पडणं आणि पडता पडता सावरणं, त्यात छाती काढण्याचा काही संबंध नाही, आपण पायाने जमीन मागे ढकलतो म्हणून जमीन आपल्याला पुढे ढकलते, आणि हे घर्षणामुळे जमतं. घर्षणावर तुझा कायमचा राग. त्याच्यापायी बुटांचे तळवे झिजतात, हे तुझं म्हणणं. त्या रस्त्यावर मी तेव्हा लाजेने अर्धा व्हायचो. आता वाटतं, ते दिवस फार चांगले होते, आणि चांगले आहेत हे आपल्याला तेव्हाच कळायला हवं होतं.

असो. तर बाह्य बलाने नुसती पत्रं लिहून भागत नाही, म्हणून काल बायकोला घेऊन तुझ्यासाठी वॉकर आणायला गेलो. दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "कधीपासून त्रास आहे आजोबा?" मी त्याला ठणकावून सांगितलं की वॉकर मला नको, मित्राला हवाय. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात. चाकांचा आणि बिनचाकांचा, असे दोन प्रकार त्याने पुढे ठेवले. घर्षण कमी ते उत्तम, असा विचार करून (तुझी संगत) मी चाकांचा उचलला आणि चालवून बघायला लागलो. दुकानाच्या दाराशी व्हीलचेअरसाठी उतार केलाय, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा वॉकर उतारावर होता आणि मी दुकानात. वॉकर पुढे निघाला, पाय मागे राहिले, आणि मधला मी लांबत गेलो. उताराच्या टोकाला आजाऱ्यांच्या भांडं लावलेल्या खुर्च्या मांडल्या होत्या. गिरकी खाऊन त्यातल्या एकीत मी थेट बसलो, पाठ ताठ, हात मांडीवर, जणू फोटो काढायला बसलोय. तेवढ्यात रस्त्याने आपला एक जुना विद्यार्थी चालला होता. त्याने वाकून नमस्कार केला आणि बरे आहात ना सर म्हणून विचारलं. मजेत आहे म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग मुकाट्याने बिनचाकांचा घेतला. त्याच्या पायांना रबरी टोप्या आहेत आणि त्या जमिनीला घट्ट धरतात.

आता काम सांगतो. पलंगावरून उठताना ताठ राहून उठायचा प्रयत्न करत असशील, तर तुझ्यातला कवायतमास्तर आधी बाजूला ठेव. काठावर ये, पावलं मागे घे, आणि नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत वाक. शरीराचा भार पावलांवर आला की माणूस आपसूक उठतो. ताठ बसून कुणालाच उठता येत नाही. मी आमच्या खुर्चीत खात्री करून घेतली आहे. (बायको दारात उभं राहून बघत होती. तिने कपाळाला हात लावला.) येत्या आठवड्यात वॉकर घेऊन मी स्वतः तिकडे येतो. तोवर निदान काठावर येऊन बस.

लेकीला आशीर्वाद. तिला चहा करायला लावून वर नावं ठेवू नकोस.

तुझं बाह्य बल,
विज्ञानमास्तर

ता. क. : पत्र बायकोने वाचलं. ती म्हणते, एक तर फाडा, नाहीतर खरं लिहा. तेव्हा लिहितो. दुकानातली हकीकत अक्षरशः खरी आहे, फक्त दुकानदाराचं बरोबर होतं. वॉकर माझ्यासाठीच आणला. तू पडलास त्याच सुमारास मला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. वाचा गेली नाही (बायको म्हणते, एवढं तरी झालं असतं), पण डावा पाय उचलत नाही. तू अंथरुणात, तुला कशाला सांगायचं, म्हणून लेकीलाही बोललो नाही. येत्या आठवड्यात मी येणार नाही. मला बसमध्ये चढता येत नाही.

ता. क. दुसरा : व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. फार गोड आहे. चला आजोबा, शाब्बास आजोबा, करत असते. पायावर तिळमात्र परिणाम होत नाही. त्याला गोड बोलण्याची सवयच नाही. त्याला सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं "डावा" म्हणून ओरडणारा माणूस लागतो, आणि असा माणूस माझ्या माहितीत एकच आहे. मला भीती वाटते रे. तू ये. बाहेरच्या खोलीत तुझा पलंग घालून ठेवलाय, खिडकीपाशी खुर्चीही आहे. दिवसभर तिच्यात बसून माझ्यावर ओरड, अजिबात उठू नकोस. चालायचं ते फक्त इथपर्यंत.