चिंचेखालची गाडी

मु. पो. मूल,
डिसेंबर १९८६

प्रिय नागसेन,

सप्रेम जय भीम. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस. हल्ली पेन हातात घेतलं की डोळे मिटायला लागतात. बाबांना उठवायचं, तोंड धुवायचं, भरवायचं, कूस बदलायची. यातच दिवस सरतो. आत्ता ते अंगणात खाटेवर उन्हात बसलेत. शेजारची नीलाबाई त्यांच्याजवळ तूर निवडतेय, तेवढ्यात लिहून घेते.

बाबांच्या टॅक्सीचं काय केलं, असं तू विचारलं होतंस. गाडी चिंचेखाली उभी आहे. बाबांना लकवा मारला तो गडचिरोलीच्या स्टँडजवळ, गाडीत सवारी भरलेली असताना. तशाही हातानं त्यांनी आधी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि मग स्टिअरिंगवर मान टाकली. पुढे त्यांच्या जोडीचा ड्रायव्हर लालसू ती घरी सोडून गेला, तेव्हापासून ती हललेली नाही. वरून चिंचेचा पाला, पाखरांची घाण आणि राइस मिलच्या धुराड्याची राख. त्यावर पावसाळा गेला. बंपरवर तांबूस ठिपके उठले, चाकांच्या टोप्या मळकटल्या, दारांवरच्या पट्ट्या काळवंडल्या. रोज सकाळी फडकं मारल्याशिवाय बाबा तिला रस्त्यावर काढत नसत, आठवतं ना? परवा एक भंगारवाला कुंपणापाशी थांबून ओरडला, “गाडी भंगारात देता का, बाई?” बाबांनी ऐकलं. त्या संध्याकाळी त्यांनी घास घेतला नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी गाडी घासायला बसले. खरं सांगू, गाडीच्या मायेनं नाही; त्यांचं तसं तोंड मला बघवेना. सिगारेटच्या पाकिटातला चांदीसारखा कागद पाण्यात बुडवून घासायचा, हे लालसूनं सांगितलं. बंपरवरचा गंज हळूहळू सुटला आणि खालून त्याचा चकाकता रंग दिसायला लागला. जिथं वरचा मुलामाच उडालाय, तिथं मात्र खड्डे राहिले. त्याला इलाज नाही.

मग एक चाकाची टोपी काढून मी बाबांच्या मांडीवर ठेवली, सोबत खडूची भुकटी लावलेलं फडकं. डॉक्टरांनी उजव्या हाताला हालचाल हवी म्हणून रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी कधीच फेकून दिलाय. टोपी मात्र फेकली नाही. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून तिच्यावर ठेवला. बोटं हलली की मला भास झाला, हे मी नीलाबाईला विचारून घेतलं. ती म्हणाली, “हललीत वो, मीबी पाह्यलं.”

दारावरच्या पट्टीचे डाग काही केल्या जाईनात. नीलाबाई म्हणाली, “पाण्याच्या पितळी गुंडावानी राखेनं घास, लखलख होते.” मी चुलीतली राख ओली करून लावली आणि चोळत राहिले. पट्टी उजळायच्या ऐवजी आणखी काळी पडत चालली. तेवढ्यात मागून आवाज आला, “राख नाई! काऊन लावली राख?” मी वळून पाहिलं. बाबा! इतके महिने ज्यांच्या तोंडून नुसता घोगरा आवाज यायचा, ते रागानं ओरडत होते. “बंपर नाई ते. ॲल्युमिन हाये!” जीभ जड होती, पण शब्द न् शब्द कळला. नीलाबाईच्या हातातल्या सुपातले दाणे सांडले. मी मात्र काळ्या हातांनी तिथंच मातीत बसले. राखेतल्या खारानं ॲल्युमिनियम काळं पडतं, हे मला कुठं ठाऊक! नंतर लिंबाची फोड फिरवून पट्टी धुतली. बरीच सुधारली, थोडा काळपटपणा राहिलाच.

यापुढे सगळं सुरळीत झालं असं तुला वाटेल, तर तसं नाही. सकाळी दोन-चार शब्द येतात, दुपारपर्यंत जीभ थकते. उठता अजून येत नाही. त्यांना उचलून उचलून माझी कंबर गेली आहे. कधी कधी भांडी घासताना बसल्या जागी डुलकी लागते. तुला काळजी नको म्हणून आजवर ‘बरं आहे’ असंच लिहीत आले.

आता मुद्द्याचं. एटापल्लीकडच्या आश्रमशाळेत मला शिक्षिकेची नेमणूक मिळाली आहे. जानेवारीत रुजू व्हायचं आहे. आईच्या आजारपणात अशीच एक संधी सोडली होती. ही सोडणार नाही, नागसेन. बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, “नागसेन येते?” माझ्या तोंडून निघून गेलं, “येते तो, बाबा.” तुला न विचारता बोलले. सुट्टी काढून ये, त्यांना तुझ्याकडे पुण्याला ने, नाहीतर आणखी काही मार्ग काढ. पण मी बसमध्ये चढायच्या आत ये. ‘तो येत नाही’ असं सांगायला मी परत त्यांच्यापुढे उभी राहू शकणार नाही. त्यांनी ते खरं धरलंय. काल न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली.

तुझीच, आता तुझ्यावर भार टाकणारी,
यशोताई