पाचव्या पानानंतर

१४ तारीख, सोमवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल असं लिहायची पद्धत आहे, पण बाबांकडून कळतं तेवढंच मला कळतं. तुझं गुडघ्याचं दुखणं कमी झालं म्हणे. बरं वाटलं. हे माझं तिसरं पत्र. आधीची दोन फाडली, कारण दोन्हींत गाडी हवापाण्याच्या पुढे गेलीच नाही.

बातमी अशी की पुढच्या महिन्यात सहा तारखेला माझा पियानोवादनाचा कार्यक्रम आहे. तीनशे खुर्च्यांचं सभागृह. कल्पना माझीच: एक गाजलेली रचना आणि लगेच तिच्या जोडीला जिला कुणी विचारत नाही अशी एक. ओळखीच्या पाहुण्याबरोबर अनोळखी माणूस आला की त्यालाही चहा मिळतो, तसं. संयोजक निवृत्त दंतवैद्य आहेत. यादी बघून म्हणाले, "लोक ओळखीचं ऐकायला येतात हो. अनोळखी ऐकवायचं तर आधी भूल द्यावी लागेल." दात काढणाऱ्याशी वाद कोण घालणार? पण घातला, आणि चार जोड्या ठरल्या.

पियानो जुना आहे. डावं पेडल कुरकुरतं. सूर लावणारे काका दोनदा येऊन गेले आणि "लक्ष देऊ नका, म्हणजे ऐकू येणार नाही," असा सल्ला देऊन गेले. मी सकाळी बसते, उठते, पाणी पिते, परत बसते. खिडकी बंद केली की गुदमरतं, उघडली की समोरच्या सुताराची करवत. काल नवऱ्याने विचारलं, "हाताला काही झालंय का तुझ्या?" हाताला काही झालेलं नाही, ताई.

चौथ्या जोडीतली गाजलेली रचना ठरली आहे. तिच्यापुढची जागा मी संयोजकांना कोरी ठेवायला सांगितली आहे. तिथे मला तुझी रचना वाजवायची आहे.

ती लिहिलेली तुझी निळी वही माझ्याकडे आहे. तू ती रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलीस, मी त्याच संध्याकाळी काढून घेतली. आता बसलेच आहे तर सगळं सांगून टाकते. मध्ये थांबले तर परत हवापाण्यावर येईन.

तू एकोणीसची, मी चौदाची. बाबांच्या शाळेतल्या पियानोवर सकाळचा एक तास रिकामा झाला होता आणि तो आपल्यापैकी एकीलाच मिळणार होता. तुझी रचना आणि माझं वादन, दोन्ही एकदमच ऐकून ठरवतो म्हणाले. लिहिणाऱ्याने लांब बसून ऐकावं हा त्यांचा नियम. एरवी पानं तू उलटायचीस, त्या दिवशी तुला मागच्या बाकावर बसवलं. मी वाजवलं. बाबा म्हणाले, "हे दोन तुकडे एकमेकांना ओळखत नाहीत." तू म्हणालीस, "हिने मधलं सोडलं." आणि मी म्हणाले, "जसं लिहिलंय तसंच वाजवलं." मग बाबांनी ऐकवलंच तुला, लिहिणाऱ्याने आपलं खापर वाजवणाऱ्यावर फोडू नये म्हणून. तू वही उघडून दाखवायला हवी होतीस गं. पण कुणी खोटं पाडलं की तू तोंडाला कुलूप लावतेस, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तास मला मिळाला.

आदल्या दिवशी वहीचा फाटलेला कोपरा मी गोंदाने चिकटवला होता. तुला बरं वाटावं म्हणून. गोंद जास्त झाला. पाचवं पान उलटलं ते समोर थेट आठवं. सहावं आणि सातवं एकमेकांना चिकटलेली. रचना मी पहिल्यांदाच वाजवत होते, आणि इतकी घाबरलेली की दिसेल ते वाजवत गेले. त्या वेळी मी खोटं बोलत नव्हते, एवढं तरी खरं मान. संध्याकाळी वही रद्दीतून काढली तेव्हा ते जाड पान बोटांना लागलं आणि सगळं कळलं. तू शेजारच्या खोलीत होतीस. चार पावलांवर. गेले नाही, कारण गेले असते तर तास गेला असता. वाजवताना झालं ते गोंदामुळे. त्यानंतर सत्तावीस वर्षं गप्प बसले ती मी. तू परत एक ओळ लिहिली नाहीस, आणि मी पियानोवर पोट भरते आहे. लाज वाटते.

मागच्या महिन्यात किटलीच्या वाफेवर धरून ती पानं सोडवली. सातव्याच्या कडेला तुझी पेन्सिल आहे: "धाकटीचा हात इथे पुरणार नाही, खालचा स्वर काढला." माझ्या हाताच्या मापाने लिहिलं होतंस तू. आता हात आरामात पुरतो. तरी तो स्वर मी घालणार नाही.

काल बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी कानाला यंत्र लावलं आणि ती दोन पानं दोनदा वाजवायला लावली. मग तुझा नंबर काढून बराच वेळ फोन हातात धरून बसले, आणि ठेवून दिला. आपलं घरच असं.

कार्यक्रमपत्रिका बावीसला छापायला जाते. तुझं नाव माहेरचं घालू की आताचं, ते कळव. नको म्हणालीस तर जागा कोरीच छापू. तिथे दुसऱ्या कुणाचं काही बसवणार नाही. हो म्हणालीस तर वाजवण्याआधी तीनशे माणसांसमोर सांगेन, हिने मधलं लिहिलं होतं, मी सोडलं.

वहीची पानं आता फार जपून उलटावी लागतात. संयोजकांनी त्यासाठी एक मुलगी सुचवली होती, मी नको म्हटलं. माझ्या डाव्या हाताला एक खुर्ची ठेवायला सांगितली आहे. पाचवं पान संपलं की मी मान हलवेन.

जिच्या हाताचं माप तुझ्या वहीत आहे, ती तुझी
धाकटी