चिमणीवाल्यांचा खरवस

सरे (कॅनडा), १४ मार्च २०१०

तीर्थरूप वन्संना,

शोभाचा वाकून नमस्कार. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं तुमच्या बंधूंकडून कळलं. (फोन ठेवल्यावर ते नुसतं "बरं, बरं" म्हणाले, नीट पार पडलं हा माझा अंदाज.) थेंब वेळेवर घाला. हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नका, डोळा सुधारला की स्वतःच वाचा. इकडे सगळे खुशाल. जयदीपला नोकरी लागली.

आनंदाची बातमी आधीच सांगून टाकली, कारण ती लागली कशी याला पुढचा कागद लागणार आहे, आणि त्यात धर्माचा एक प्रश्न अडकलाय, जो तुमच्याखेरीज कुणाला सुटायचा नाही.

मंदीत त्याच्या कॉम्प्युटर कंपनीने त्याला ले-ऑफ केलं, तेव्हा एकवीस संकष्ट्या धर असं तुम्हीच सांगितलं होतंत. धरत आले. तो दिवसभर ऑनलाइन अप्लाय करत बसायचा, म्हणून त्याच्या केयाला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे आलं. (नात आता नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत.) त्याच वाटेवर चिमणीवाल्यांचं दुकान. खरं नाव लकी स्पॅरो टी, पण पाटीवर चिमणी आहे म्हणून आपलं चिमणीवाले. चिनी लोकांचा दुधाचा चहा. आम्ही घर घेतलं तेव्हा स्कायट्रेनच्या स्टेशनापाशी एकच दुकान होतं, आता सरेमध्येच सहा झाली, त्यातली दोन तर समोरासमोर. बाकीच्यांच्या काचांवर 'भाड्याने देणे' लागत असताना हे कसे वाढतात, याचं मला भारी कुतूहल. तेही भर गारठ्यात बर्फ घातलेला चहा विकून. पोरं बोटाएवढी जाड नळी खुपसतात आणि चहा चावत बसतात. तुमचे बंधू म्हणाले, तुला काय करायचंय. करायचं काही नव्हतं. पण मॅट्रिकला भूगोलात पाठ केलेला चीनचा चहा असा दारात आल्यावर माणूस डोकावणारच.

कपाच्या तळाशी काळे मणी असतात. केयाच्या कपातला एक मागून घेतला, दोन बोटांत दाबला आणि ओळखला. साबुदाणा. गुळाच्या पाकात शिजवलेला मोठा साबुदाणा. काउंटरवरच्या विनी नावाच्या मुलीनेही टॅपिओका म्हणून दुजोरा दिला. आता बघा, चहा चालतो, दूध चालतं, साबुदाणा तर चालतोच. चिनी माणसाने नकळत उपासाचा पदार्थ काढलाय आणि अख्ख्या सरेत हे एकट्या मलाच कळलंय, या भरात फेब्रुवारीतल्या संकष्टीला (तीही अंगारकी) मी एक कप घेतला. आणखी काय घालू, असं विनीने विचारल्यावर एका फोटोवर बोट ठेवलं. पिवळसर, मऊ, थरथरणारी वडी होती. तोंडात घातली आणि वन्सं, खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं. खरवस. अगदी तुमच्या हातचा, फक्त वेलदोडा नव्हता.

आता खरवस म्हटला की चीक आला, आणि चीक म्हटला की नुकती व्यालेली गाय आली. सहा दुकानं, बारा महिने, रोज खरवस. मग यांच्या गाई व्यातात तरी किती? (भरभराटीचं मूळ इथेच असणार, असंही मनात आलं. गोमातेची कृपा.) विनीला विचारायला गेले, तर वासराला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना, म्हणून हंबरून दाखवलं. तिने आतून मालकीणबाईंना बोलावलं. या मिसेस ल्यू, माझ्याच वयाच्या, नव्या शाखेचे नकाशे पसरून बसल्या होत्या. त्यांनाही हंबरून दाखवलं. शेवटी केयाने बापाला फोन करून दुभाषी म्हणून बोलावून घेतलं.

जयदीपने माझा प्रश्न त्यांना समजावला. मिसेस ल्यू हसता हसता खुर्चीतच बसल्या. मग केया म्हणाली, "आजी, देअर्स नो काऊ. इट्स एग पुडिंग."

अंडं, वन्सं. अंगारकीला.

मला भोवळ आली असं वाटून मिसेस ल्यूंनी गरम पाणी आणलं आणि माझा हात धरून बसल्या. धरल्या हाताने त्या जयदीपशी बराच वेळ बोलत होत्या, माझं लक्ष कुठे होतं? घरी येताना गाडीत तो म्हणाला, "आई, त्यांच्या सहा दुकानांचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत. सोमवारी येऊन बघ म्हणाल्यात." सोमवारी बघून आला, आणि त्याच आठवड्यात नोकरी.

तेव्हा आता तुम्हीच सांगा. उपास मोडला म्हणावं, तर ज्यासाठी धरला ते त्याच दिवशी, त्याच टेबलावर पदरात पडलं. नाही मोडला म्हणावं, तर पोटात अंडं. बरं, अंडं खाल्लं नसतं तर मी गाईंची चौकशी केली नसती, आणि चौकशी केली नसती तर पोरगा अजून सोफ्यावरच असता. उरलेल्या संकष्ट्या पुढे चालू ठेवू, की पहिलीपासून धरू? मार्चातली मी धरलीच आहे, पण ती कितवी मोजायची? तुमच्या बंधूंना विचारलं, तर म्हणाले, मोदक कधी करतेस ते सांग. तुमचा शब्द मी अखेरचा मानीन.

तुमची
शोभा

ता. क. मिसेस ल्यूंना इथल्या शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी बिनअंड्याची वडी हवी आहे. जयदीपने सांगून टाकलं की आमची आत्या चिकाशिवायही खरवस करते. ती कृती तुम्ही सख्ख्या लेकीलाही दिलेली नाही, हे मी जाणते. तरी पाठवा. नोकरी अजून प्रोबेशनवर आहे. खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं.

आणखी एक ता. क. उपास मोडला असा तुमचा निर्णय झाला, तर मात्र कृतीची घाई करू नका. एकवीस संकष्ट्या मी नव्याने धरीन, या खेपेला आमच्या लेकीच्या, रुचाच्या लग्नासाठी. तोवर दुकानात खरवस अंड्याचाच असू दे. आतापर्यंतच्या हिशेबात बाप्पा त्यालाच लवकर पावलेला दिसतो.