अकरावं कलम

जळगाव, २ एप्रिल १९८८

ती. सौ. अक्कास, झुलालचा शि. सा. न. वि. वि.

इकडे बठ्ठं बरं शे. आपल्या ज्वारीच्या बिबड्या-पापडांच्या धंद्याला कागदावर काय रूप द्यायचं, ते विचारायला रतिलाल वकिलांकडे जाऊन आलो. एकाच्या नावावर काढणं सोपं, पण कुणाच्या? बिबड्या तुझ्या हातच्या, पायपीट माझी. कंपनी काढली तर सभा भरवा, ठराव लिहा. आपण सभेत भांडूच. म्हणून भागीदारी ठरवली. बसस्टँडजवळचा गाळाही भागीदारीच्याच नावाने भाड्याने मिळतोय.

मसुदा पाठवतोय. अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या मुहूर्तावर सह्या करू. अकरावं कलम नीट वाच. दोघांपैकी एकाचं बरंवाईट झालं तर त्याच्या वारसाने त्याच्या जागी यावं, धंदा आणि गाळा चालू राहावा, असं वकिलांनी मुद्दाम घातलंय. तुझ्या भावजयीने, पुष्पाने वाचलं आणि कागद पालथा ठेवला.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा झुलाल

धुळे, ६ एप्रिल १९८८

चि. झुलालास अ. उ. आ.

शुभ बोल रे नाऱ्या! आखाजीच्या मुहूर्तावर सह्या करायच्या आणि त्याच कागदात मरणाची गोष्ट? लग्नपत्रिकेत कुणी दहाव्याची तारीख छापतं का, विचार तुझ्या वकिलाला. अकराव्या कलमावर मी शाईने आडवी रेघ मारली आहे. तुला कडेवर घेऊन वाढवलंय मी; तुझ्या मरणाखाली सही करायची नाही. बाकी सगळं मान्य. ज्वारी भिजत घातली आहे, ऊन चांगलं पडतंय.

पुष्पाला आणि पोरींना आशीर्वाद.

तुझी अक्का

जळगाव, ११ एप्रिल १९८८

ती. सौ. अक्कास सा. न.

तुझी रेघ म्हणजे हायकोर्टाचा निकाल! वकिलांनी दोनदा बजावलं, तरी कलमाविनाच कागद टाइप करून घेतला. आखाजीला माहेरी ये. निंबाला झोका बांधतो. आधी झोका, मग सही.

झुलाल

धुळे, २१ फेब्रुवारी १९८९

चि. पुष्पास आशीर्वाद.

नावाआधी सौ. लिहायला हात गेला आणि थांबला. गं. भा. माझ्याने लिहवत नाही.

पारोळ्याजवळ झुलालची स्कूटर घसरली त्याला आज महिना झाला. काल रतिलाल वकिलांना भेटले. दोघांची भागीदारी असली की एक गेल्यावर ती त्याच दिवशी संपते, म्हणाले. तेवढ्यावरच गाळेमालक गाळा परत मागतोय. अकरावं कलम असतं तर तू झुलालच्या जागी बसली असतीस, तुझं आणि पोरींचं पोट त्या गाळ्यावर चाललं असतं.

पुष्पा, ती रेघ मी मारली. मुहूर्त सांभाळला आणि तुझ्या पायाखालची जमीन काढून घेतली. आता रडू तरी कोणत्या तोंडाने? माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण तुझ्यामाझ्या नावाने नवी भागीदारी करू, एवढं ऐक. आखाजीला मी येणार नाही. भाऊच नाही, तर माहेर कुठलं?

तुझी अपराधी अक्का

जळगाव, २ मार्च १९८९

ती. सौ. अक्कांस, पुष्पाचा सा. न. वि. वि.

गाळा सोमवारी रिकामा करून दिला. तराजू घरी आणला. धाकटी त्यात बाहुली तोलत बसते. यांची फार आठवण येते.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. मसुदा वाचताना मलाही ते कलम अशुभ वाटलं होतं. तुमची रेघ आली तेव्हा मीच देवापुढे साखर ठेवली. तेव्हा अक्का, एकटीने अपराध घेऊ नका. यांना तर हसू आवरेना. अक्काने मला मरायची बंदी केली, असं गल्लीभर सांगत फिरले.

नवी भागीदारी करू, पण अकरावं कलम पहिलं घालायचं. आधी माझं मरण लिहा, मग तुमचं. दोघी मोठ्याने वाचू आणि सही करू.

आणि आखाजीला या. निंबाला झोका मी बांधते. एक माणूस गेलं की भागीदारी संपते, असं वकील सांगतात. माहेराचं तसं कुठल्याच कागदात लिहिलेलं नाही.

पोरी आतापासूनच आत्याची वाट पाहतात. माझ्यावरची माया आहे तशी ठेवा.

तुमची पुष्पा